खानदेशच्या थंडीत बर्फाचं मसालेदार अत्तर: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारला बर्फ पडत नाही. सातपुड्यात डाब, वालंब्याच्या बाजूला एखाद्या कडक पहाटे गवतावरचं दव गोठतं, त्याचे फोटो दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरतात, आणि आपला बर्फ तिथेच संपतो. तरी ‘स्नो’, ‘फ्रॉस्ट’, ‘विंटर स्पाइस’ असली नावं असलेल्या तीन-पाच मिलीच्या तेलाच्या बाटल्या आता इकडेही मागवल्या जातात. पार्सल येतं, झाकण उघडून हुंगलं जातं, “हे तर बाम आहे” असा निकाल लागतो आणि बाटली ड्रॉवरमध्ये जाते. हा लेख त्या ड्रॉवरमधल्या बाटलीसाठी आहे.

माझं म्हणणं एवढंच, की हे अत्तर बाटलीला नाक लावून कळत नाही, आणि तासाभरातही कळत नाही. त्यात दोन भाग असतात, एक गार आणि एक मसाल्याचा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-दहा अंशांवर असतो, धुळ्याला तर कधी कधी पाच-सहावर येतो, आणि त्याच दिवशी दुपारी अठ्ठावीस-तीसला स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीला टाकावा लागतो. ज्या गावात दिवसभर सारखीच थंडी असते तिथल्या माणसाला या अत्तराचा अर्धाच भाग नीट भेटतो. आपल्याला एका दिवसात दोन्ही भेटतात. म्हणून पहाटे लावा आणि दुपारी पारखा. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

बाटलीत असतं काय

बर्फाला स्वतःचा असा वास नसतो, त्यामुळे बर्फाचं तेल काढता येत नाही. अत्तर करणारा तो भास उभा करतो. त्यासाठी पुदिना किंवा नुसतं मेंथॉल, कापूर, निलगिरी, पाइन-देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांची तेलं, आणि वर थोडा पांढरा मस्क, म्हणजे धुतलेल्या कपड्यांना येतो तसला स्वच्छ वास. काही बाटल्यांत अल्डिहाइड नावाची रसायनं असतात. ती थोडी धातूसारखी, थोडी खळ घालून इस्त्री केलेल्या सुती कापडासारखी लागतात. अर्नेस्ट बो या अत्तरकाराने १९२१ साली शनेल नंबर ५ मध्ये ती सढळ हाताने वापरली आणि जगभर त्यांचा बोलबाला झाला. उत्तर ध्रुवाकडच्या तळ्यांचा ताजेपणा आपल्या मनात होता, असं त्याने नंतर सांगितलं होतं. म्हणजे बर्फाचा वास बाटलीत आणायची ही हौस शंभर वर्षांची तरी आहे.

मेंथॉलची गंमत वेगळी. ते कातडी गार करत नाही. थंडी ओळखणारी जी यंत्रणा आपल्या त्वचेत आणि नाकात असते तिला ते चाळवतं, आणि मेंदू समजतो की गार लागलं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशाच ग्राहींच्या शोधासाठी. ज्युलियस यांनी मिरचीतल्या कॅप्सेसिनपासून सुरुवात केली होती, आणि थंडीचा ग्राही शोधताना दोघांनीही, वेगवेगळं काम करत, मेंथॉल वापरलं. नंदुरबारच्या माणसाला मिरचीवरून नोबेलपर्यंतचा रस्ता समजावून सांगायची गरज पडू नये.

आणि हे मेंथॉल येतं कुठून? जगात सर्वांत जास्त मेंथा तेल भारतात निघतं, आणि त्यातलं बहुतेक उत्तर प्रदेशात, बाराबंकीच्या बाजूला. तिथे हा पुदिना मे-जूनच्या उन्हात कापतात. बर्फाचा वास भर उन्हाळ्यातून येतो.

दुसरा भाग मसाल्याचा: लवंग, दालचिनी, जायफळ, वेलदोडा, सुंठ, कधी केशर, खाली चंदन, लाकूड, राळ, व्हॅनिला. इथे आपण परदेशी लोकांच्या कितीतरी पुढे आहोत.

नाक तयार करायला दुकान लागत नाही

पहिली पायरी पैसे खर्च करायची नाही. स्वयंपाकघरात जा आणि मिसळणाचा डबा काढा. काळा मसाला करायला घरात जे जे येतं, त्यातलं एकेक वेगळं हुंगा: लवंग, दालचिनी, मसाला वेलची, बाद्यान, नाकेशर, शहाजिरं आणि दगडफूल. कुटलेला मसाला नको, त्यात कांदा-खोबरं सगळ्यांवर बसतं. अख्खं घ्या, बोटाने किंचित चुरडा, नाकापासून चार बोटं लांब धरा.

दगडफुलावर जरा थांबा. कोरडं असताना त्याला फारसा वास नसतो, पण थोडं गरम झालं की माती, जुनं लाकूड, ओली भिंत असं काहीतरी येतं. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला ‘शमामा’ नावाचं अत्तर करतात ते मुळातच हिवाळ्याचं. तांब्याच्या डेगेत मसाले आणि मुळ्या उकळून त्याची वाफ भपक्यातल्या, म्हणजे वाफ जिथे थंड होऊन जमते त्या भांड्यातल्या, चंदनाच्या तेलात उतरवतात, आणि हे काम दिवसचे दिवस चालतं. त्या शमामामध्ये दगडफूल असतं. तिकडे त्याला छडीला म्हणतात. आपल्या शेवभाजीच्या रश्श्यात जे असतं तेच. बाहेरच्या अत्तरांत ‘ओकमॉस’ नावाचा जो प्रकार मोठ्या कौतुकाने सांगतात, तोही दगडफुलाच्याच जातकुळीतला.

मग दिवाळीतलं उरलेलं उटणं काढा. नागरमोथा, कपूरकाचरी, जटामांसी, वाळा: यातलं बरंचसं शमामाच्या डेगेतही जातं. नरकचतुर्दशीला पहाटे कुडकुडत अंगाला जो वास चोळला, तो हिवाळी अत्तराचाच वास होता. त्यामुळे ‘स्पाइस’ म्हणून लेबलवर काही लिहिलेलं दिसलं तर बुजायचं कारण नाही. आपलं नाक त्यात मुरलेलं आहे.

शेवटी हिरवा वेलदोडा सोला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली तीच आहे. वेलदोड्यात सिनिओल नावाचं गार वासाचं रसायन असतं, आणि निलगिरीच्या तेलातला मुख्य घटकही सिनिओलच. वेलदोडा एकाच वेळी गारही आहे आणि मसालाही. ज्या बाटलीत बर्फ आणि मसाला यांच्यामध्ये वेलदोडा नीट बसवलेला असतो, ती एकसंध लागते. जिथे नसतो तिथे आधी नुसती टूथपेस्ट आणि नंतर नुसता गरम मसाला, असे दोन तुकडे पडतात. नवख्याने घटकांच्या यादीत आधी वेलदोडा शोधावा.

बाटली घेताना

लहान घ्या. दोन-तीन मिली पुष्कळ झालं. तेलाचा एक थेंब दिवस काढतो, त्यामुळे तेवढी बाटली हिवाळाभर सहज पुरते. बारा मिलीचा तोळा घ्यायचा तो आवडल्यावर.

तेल कशात मिसळलंय ते विचारा. जुन्या पद्धतीत चंदनाचं तेल असे. आता चंदन इतकं महाग आहे की स्वस्तातल्या पुष्कळ अत्तरांत लिक्विड पॅराफिन नाहीतर डीपीजी नावाचं द्रावक असतं. ते असलं म्हणून अत्तर वाईट ठरत नाही. पण शंभर रुपयांत “अस्सल चंदनातलं शमामा” कोणी देत असेल तर हसून पुढे जावं. छोट्या ब्रँडांच्या बाटल्यांत खोबऱ्याचं पातळ केलेलं तेल किंवा जोजोबा तेल असतं. साधं खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजतं, हे थंडीतल्या बाटलीशी झटापट करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. जोजोबा बरंच खाली, दहा अंशांच्या आसपास. त्यामुळे थंडीत बाटलीतलं तेल गढूळ दिसलं तर ते बिघडलं असं समजून परत पाठवू नका. मुठीत पाच मिनिटं धरा, पातळ होतं. गॅसवर किंवा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवू नका.

दुकानात जाऊन घेत असाल तर एका वेळी तीनच्या वर वास घेऊ नका. नाक लवकर थकतं. मधेमधे कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्यापेक्षा बाहेर येऊन मोकळी हवा घ्या किंवा स्वतःच्या बाहीचा वास घ्या. आणि दुकानदार मनगटावर एकावर एक चार लावायला लागला तर हात मागे घ्या. कागदाच्या पट्टीवर लावून मागा.

आधी कोपराच्या आत

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉल, दोन्ही काहींच्या त्वचेला झोंबतात. लवंगेच्या तेलात तर निम्म्याहून अधिक युजेनॉलच असतं. त्यात आपली थंडी कोरडी, कातडी आधीच फुटलेली. कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावा आणि एक दिवस बघा. खाज, लाली, पुरळ काहीही आलं तर ते अत्तर अंगासाठी नाही, रुमालासाठी आहे.

यादीत बर्गमॉट किंवा लिंबाच्या सालीचं तेल असेल तर आणखी एक. अशी काही तेलं लावून उन्हात बसलं की त्वचेवर डाग पडू शकतात, आणि हिवाळ्यात आपला सगळा संसार ओट्यावर उन्हातच मांडलेला असतो. ती बाटली कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या जागी लावा.

घरात तान्हं बाळ असेल तर त्याला जो हात घ्यायचा, त्या हाताला हे लावू नका. कापूर आणि मेंथॉल दोन वर्षांच्या आतल्या लेकरांच्या नाकाजवळ नकोच. दम्याचा त्रास असलेलं माणूस घरात असेल तर आधी त्याला विचारा. अर्धशिशीवाल्यांना मसाल्याचा भाग सोसतो, पण गार भाग पुष्कळदा सोसत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहाटे लावायचं

अंघोळ झाली की अंग पूर्ण कोरडं होण्याआधी मनगटांना, कोपरांना थोडी व्हॅसलीन किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर चोळा. फुटलेल्या कोरड्या कातडीवर अत्तर थांबत नाही. इथे आवळ्याचं सुगंधी तेल किंवा गुलाबाचं क्रीम वापरलंत तर मग अत्तराला स्वतःचं असं काही बोलता येत नाही.

काचेच्या काडीने एक ठिपका एका मनगटाच्या आत, दुसरा कोपराच्या खळगीत, तिसरा मानेच्या मागे, केसांच्या खाली. नवख्याला एवढंच. गळ्यासमोर लावू नका, कारण मेंथॉलची वाफ सरळ नाकात जाते आणि मग दुसरं काही कळतच नाही. मनगटं एकमेकांवर घासू नका. वरचा हलका भाग घासण्याने लवकर उडतो, आणि इथे तोच तर बर्फ आहे.

जुने लोक कापसाचा फाया कानात ठेवतात, तो प्रकार या अत्तराला जमत नाही. शमामाला, हिनाला छान जमतो. मेंथॉल कानाच्या आत चुणचुणतं. फाया करायचाच असेल तर खिशात ठेवा.

तेलाच्या अत्तरात स्प्रेसारखा अल्कोहोल नसतो. अल्कोहोल भरकन उडतो आणि जाताना वास खोलीभर घेऊन जातो. तेल अंगाजवळच राहतं, आणि थंड हवेत तर आणखीच. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत वास कमी वाटला म्हणून दोन ठिपके वाढवू नका. ते दुपारी बारा वाजता हिशेब मागतात.

दिवसभर काय होतं

आता खरा भाग. मी जे लावते त्यात वर पुदिना, देवदार आणि कापूर, मध्ये वेलदोडा, लवंग आणि जायफळ, खाली चंदन आणि थोडा व्हॅनिला आहे. तुमची बाटली वेगळी असेल, पण क्रम फारसा बदलत नाही.

पहाटे साडेसहाला गच्चीवर गेलं तर पहिली दहा मिनिटं नाकात वास जाण्याआधी गारवा जातो. हवा मुळात गार, त्यात हे, त्यामुळे मनगट नाकाशी नेलं की श्वास खोलवर जातो आणि डोळे जरा ताणले जातात. या क्षणी मसाला जवळजवळ नसतोच. थंडीत जड वास उडायला तयार नसतात. हलके, टोकदार वास तेवढे बाहेर येतात. म्हणूनच बर्फाचा भाग पहाटेच हुंगावा. हाच थेंब मे महिन्यात लावला तर पाच मिनिटांत बर्फ संपून लवंग अंगावर येते.

मग पुदिना मागे सरतो आणि देवदार पुढे येतो. हा मला सगळ्यात आवडणारा तास. हिरवा, किंचित कडवट, शेवंतीची पानं चुरडल्यावर येतो त्याच्या जवळपासचा वास. त्या वेळी तुम्ही यावल-रावेरच्या बाजूला असाल तर हवेत धूरही असतो. थंडीने केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, म्हणून कडाक्याच्या पहाटे शेतकरी बागेच्या बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करतात. देवदार आणि तो धूर यांचं छान जमतं. महागड्या बाटल्यांत जो धूर मुद्दाम घालतात तो इथे फुकट मिळतो, अर्थात ज्याची केळी थंडीत सापडली त्याला त्या धुरात कौतुक वाटण्यासारखं काही नसतं.

नऊ-साडेनऊला ऊन चढतं. इथे वेलदोडा येतो. गार अजून आहे, पण त्यात गोडसरपणा मिसळतो, आणि या टप्प्यावर आजूबाजूच्यांना पहिल्यांदा ‘छान वास येतोय’ असं वाटतं. तोपर्यंत ते तुम्हाला आजारी समजत असतात. त्याबद्दल पुढे सांगते.

दुपारी स्वेटर निघतो आणि मसाला सुटतो. लवंग आधी, मागून जायफळ. अंग तापलं की जड वास उडायला लागतात, त्यामुळे साडेबारा ते तीन ही या अत्तराची परीक्षेची वेळ. चांगल्या बाटलीत लवंग दाताच्या दवाखान्यात नेत नाही, चंदन तिला धरून ठेवतं. वाईट बाटलीत याच वेळी डोकं चढतं. म्हणून निकाल द्यायचा तो जेवणानंतर, उन्हात बसलेलं असताना. तेव्हाही मनगट नाकाशी न्यावंसं वाटत असेल तर बाटली तुमची.

संध्याकाळी सूर्य कलला की आपल्याकडे गारठा एकदम उतरतो. तेव्हा बर्फ परत येईल असं वाटतं. येत नाही, तो सकाळीच उडून गेलेला असतो. उरतं चंदन आणि व्हॅनिला, तेही अगदी अंगाजवळ. शाल घेतली असेल तर रात्री शालीच्या काठाला लवंगेचा माग लागतो. हवं तर संध्याकाळी फक्त मानेमागे एक ठिपका पुन्हा लावा. तेव्हा नवा बर्फ आणि जुना मसाला एकत्र येतात, आणि काही बाटल्या खरं तर याच वेळी सर्वांत सुंदर लागतात.

स्वतःला वास येईनासा झाला म्हणजे अत्तर गेलं असं नाही. नाकाला सवय होते. घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा. पहिले काही दिवस वहीत तीन वेळा टिपून ठेवलंत, पहाट, दुपार आणि रात्र, तर दुसरी बाटली निवडणं फार सोपं जातं. “लवंग जास्त”, “गोड झालं”, “डोकं जड” एवढं पुरे.

“पडसं झालं का तुले?”

आपल्याकडे या अत्तराचा मोठा शत्रू म्हणजे डोकेदुखीचा बाम. मेंथॉल, कापूर, निलगिरी, लवंग: यादी जवळजवळ तीच. तुम्ही हौसेने लावून आत्याकडे जाता आणि दारातच “काय व माय, पडसं झालं का तुले?” असं स्वागत होतं. वर हळदीचं दूधही मिळतं. ते प्यावं.

बामचा ओळखीचा गोडसर-औषधी वास बराचसा मिथाइल सॅलिसिलेटचा असतो, गंधपुऱ्याच्या तेलातला. तुमच्या बाटलीत तो असेल तर काही उपाय नाही, ती बाम म्हणूनच ओळखली जाणार. लेबलवर ‘विंटरग्रीन’, म्हणजे हाच गंधपुरा, दिसलं तर आपल्या गावासाठी ती बाटली घेऊच नका. नाव ऐकायला मोहक आहे, फसू नका.

नसेल, आणि तरी बाम वाटत असेल, तर खाली आधार द्या. चंदनाच्या अत्तराचा एक ठिपका आधी लावा, पाच मिनिटं थांबा आणि त्यावर हे. गुलाबही चालतो, पण अगदी थोडा. गुलाब आणि पुदिना जास्त झाले की मिठ्या पानाचा विडा होतो, मुखवासासकट. दुसरा मार्ग वेळेचा आहे: बाहेर पडण्याच्या तासभर आधी लावा. बामचा भाग घरातच संपतो आणि लोकांना वेलदोडा भेटतो.

कुठे नेऊ नये

नंदुरबारला हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या लालभडक पसरलेल्या असतात. त्या बाजूने जायचं असेल तर त्या दिवशी हे अत्तर नको. हवेतच इतका ठसका असतो की नाक-डोळे दोन्ही वाहतात, आणि त्यावर मेंथॉल घेतलं की दुहेरी मार बसतो.

भरीत पार्टीला तर कुठलंच अत्तर लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं बामणोदचं वांगं, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, कांद्याची पात, बाजूला कळण्याची भाकरी. हा वास स्वतःच हिवाळ्याचा राजा आहे आणि त्याला जोडीदार लागत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याच्यापुढे आपली तीन मिलीची बाटली मिरवू नये. शिवाय धुराचा आणि लसणाचा वास स्वेटरमध्ये असा शिरतो की दुसऱ्या दिवशीही अत्तर वर येत नाही.

एसटीत, काचा बंद असलेल्या पहाटेच्या गाडीत, एकच ठिपका. घाटातल्या गाडीत तोही नको.

सारंगखेड्याच्या यात्रेला मात्र जरूर लावून जा. दत्तजयंतीला सुरू होते, तापीकाठची बोचरी थंडी असते, घोडे, गवत, चामडं, धूळ, उसाचा रस आणि जिलेबी यांचे वास मोकळ्यावर एकमेकांत मिसळतात. चामडं आणि लवंग हे तर जुनं जोडपं.

स्वेटर, शाल, पैठणी

ट्रंकेतून काढलेल्या स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. त्यावर बर्फाचं अत्तर म्हणजे नुसता दवाखाना. दोन दिवस कडक ऊन द्या, झटका, मगच. पुढच्या वर्षी गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा पाला आणि चार लवंगा कापडात बांधून ठेवल्यात तर स्वेटर आधीच अर्धा तयार मिळेल.

तेलाचा डाग पडतो. रेशमावर तर जातच नाही, त्यामुळे पैठणीला, शेल्याला काडी टेकवायची नाही. लोकरीच्या शालीला लावायचंच असेल तर आतल्या बाजूला, कोपऱ्यात. लोकर वास खूप दिवस धरते, म्हणून एका शालीला एकच अत्तर.

संक्रांतीचं हळदीकुंकू

नवं अत्तर लोकांना दाखवायची हौस असेल तर हा मुहूर्त चांगला. तसंही आपण हाताच्या मागच्या बाजूला अत्तराचं बोट लावतोच आणि गुलाबपाणी शिंपडतो. पण दाणीत थेट हे भरू नका. पन्नास बायकांत एखादीची त्वचा नाजूक असणार, एखादी गरोदर असणार, एखादीच्या कडेवर बाळ असणार. दाणीत नेहमीचं गुलाब किंवा चंदन ठेवा. बर्फाची बाटली बाजूला असू द्या, आणि “ताई, हे थोडं गार लागतं, लावू का?” असं विचारून, हो म्हणेल तिलाच लावा. तिळगुळाबरोबर ते अनपेक्षितपणे छान लागतं. भाजलेला तीळ, गूळ, वेलदोडा आणि मागून देवदार.

ठेवायची कशी

बाटली देव्हाऱ्यापाशी, न्हाणीघरात किंवा खिडकीत नको. दिवस-रात्रीच्या तापमानातला जो फरक अंगावरच्या अत्तराला खुलवतो, तोच बाटलीतल्या अत्तराला लवकर उतरवतो. कपाटात आतल्या बाजूला, डबीत, झाकण घट्ट. देवदार आणि लिंबूवर्गीय तेलं हवेने जुनी होतात, आणि जुनी झालेली ही तेलं ताज्यापेक्षा त्वचेला जास्त झोंबतात. त्यामुळे बर्फाची बाटली वर्ष-दीड वर्षात संपवायची. गेल्या वर्षीची काढली असेल तर कोपराच्या आतली चाचणी पुन्हा करा. शमामा, हिना यांचं उलट आहे, ती मुरतात.

होळीपर्यंत ही बाटली आत गेली पाहिजे. मार्चमध्ये दुपार पस्तिशीच्या पुढे गेली की मसाला सहन होत नाही, तेव्हा वाळा काढा. बर्फाच्या बाटलीत तळाशी थोडं उरलं असेल तर ते कापसावर घेऊन स्वेटरांच्या ट्रंकेत टाका, कापडाला तेल लागणार नाही असं डबीत ठेवून.